घरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर घेताय? मग आय७ बिय७ सोडा, आधी पुढचा नंबर विचारा

परवा धाकट्या मामांचा फोन, टिळक नगरहून. "अरे आय७ मिळून राहिलाय, सोळा जीबी रॅम, एसएसडी, सगळं जोडून देतोय, घेऊन टाकू का?" किंमत ऐकली आणि माझ्या कपाळावर आठी पडली, कारण तेवढ्यात तर नुसता नवा आय७ सुद्धा येत नाही. म्हटलं मामा एक काम करा, फोन चालू ठेवा आणि दुकानदाराला विचारा की आय७ च्या पुढे नंबर काय आहे. तिकडून आवाज, "अरे भिया आय सेव्हन है, नंबर से क्या होता है, दस साल की छुट्टी समझो." मामा इंदूरचे असले तरी बँकेतून रिटायर झालेत, सहज ऐकणार नाहीत, त्यांनी नंबर काढून घेतलाच. २६००. म्हणजे इंटेल कंपनीचा आय७-२६००, जो २०११ च्या जानेवारीत आला होता.

आता हा चिप त्या काळी राजा होता, खोटं कशाला बोलू. पण आज २०२२ चा साधा आय३-१२१०० घेतला तर त्यालाही तेवढेच चार कोअर (चिपमधले काम करणारे मेंदू) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आहेत, एकेक कोअर जवळजवळ दुपटीने पळतो, वीज कमी खातो (जुन्याचं रेटिंग ९५ वॅट, याचं ६०), आणि विंडोज ११ चालतं जे त्या आय७ वर अधिकृतपणे चालतच नाही. तर आय३ हा आय७ पेक्षा भारी, हे वाक्य ऐकायला येडपट वाटतं पण आहे खरं, आणि हेच लोकांना माहीत नसतं म्हणून जुना माल आय५-आय७ चं लेबल लावून नवीन कॅबिनेटमध्ये, लाल-निळे दिवेवाल्या, घालून विकला जातो.

नंबर वाचायला दोन मिनिटं लागतात, शिकून घ्या. इंटेलचा नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय५-८४०० आठवी, आय५-१२४०० बारावी. विंडोज ११ ची रेषा आठव्या पिढीवर आहे, त्याच्या खालचं काहीही कुणी "नया जैसा" म्हणून देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. एएमडी ही दुसरी चिप कंपनी, त्यांच्यात रायझन ५ ५६००जी असं लिहिलेलं असतं, त्यात रायझननंतरचा ५ हा आय५ सारखा वर्ग झाला आणि ५६०० मधला पहिला ५ म्हणजे मालिका. विंडोज ११ ची इथे ढोबळ रेषा २००० च्या मालिकेपासून, पण २२००जी आणि २४००जी हे दोघं त्यात बसत नाहीत, त्यामुळे सेकंडहँड बघताना जपून. आणि हो, इंटेलने आता नवीन नावं काढलीत, कोअर अल्ट्रा ५ २२५ वगैरे, त्यातला २ बघून दुसरी पिढी समजू नका, ते अगदी ताजे आहेत.

बरं, पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की नवा प्रोसेसर लागतोच आहे का. आमच्या आत्याकडे चौथ्या पिढीचा आय३ होता, सुरू व्हायला पाच-सात मिनिटं, तोपर्यंत आत्या चहा टाकून, पिऊन, कप विसळून यायची. सगळे म्हणायचे प्रोसेसर गेला. मी जाऊन कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये बघितलं तर सीपीयू वीस-पंचवीस टक्के आणि डिस्क शंभर टक्के. म्हणजे बिचारा प्रोसेसर रिकामा बसलाय आणि जुनी हार्डडिस्क कण्हतेय. साधी साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्याच वायरवर लागणारी वेगवान डिस्क) टाकली, रॅम चारची आठ केली, अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागला. तुमच्याकडेही हे आधी बघा, उगाच नवीन घ्यायला धावू नका. फक्त एक अडचण आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरच्या लोकांसाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट आहेत ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्याच मशिनवर बँकेची कामं करणार असाल तर आज ना उद्या बदलावं लागेल, नाहीतर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका. आत्याला मी मिंट टाकून दिलं, तिला फरक कळलासुद्धा नाही, तिचं जग म्हणजे यूट्यूबवर कीर्तन आणि पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल.

आणि डिस्क शांत आहे, रॅमही उरलेली आहे, तरी दोन टॅब उघडले की सीपीयू नव्वदच्या वर जाऊन बसतो, असं असेल तर मात्र प्रोसेसर बदलायची वेळ झाली.

आता घरात नेमकं काय चालतं ते खरं खरं लिहून काढा. आमच्याकडचं सांगतो, क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब, यूट्यूब, झूम, वर्ड-एक्सेल, काकांचं टॅली, शेअरबाजाराचं टर्मिनल, पोराचं स्क्रॅच आणि आता पायथॉन, दिवाळीला फोटो काढले की त्यांची थोडी काटछाट. याला चार कोअर आठ थ्रेडवाला नव्या पिढीचा चिप भरपूर झाला, अगदी भरपूर. या कामांमध्ये बहुतेक वेळा एकच कोअर जोरात पळत असतो आणि बाकीचे बघत बसतात, त्यामुळे सोळा कोअर घेऊन काही हाती लागत नाही, एक कोअर किती चपळ आहे तेच जाणवतं. गिगाहर्ट्झवरून ठरवू नका, तो आकडा एकाच पिढीतल्या दोघांमध्ये बघायचा. पेंटियम ४ सुद्धा २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर गेला होता, आज तो यूट्यूबचा एक व्हिडिओ धड चालवणार नाही.

सहा कोअर कधी घ्यायचे? व्हिडिओ एडिटिंग थोडंफार होणार असेल, घरातलं पोरगं इंजिनिअरिंगला जाणार असेल, किंवा तुम्ही आमच्या वडिलांसारखे असाल की एकदा घेतलं की दहा वर्षं हात लावायचा नाही. मग आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी. त्याच्या वर आय७, आय९, रायझन ७, ९ याचा विचार घरच्या कामाला करूच नका, तेवढ्या पैशात चांगला मॉनिटर येतो आणि डोळे दुआ देतात.

आता ती एफ ची भानगड, आणि इथे मी स्वतः आपटलोय म्हणून जरा मोठं लिहितो. इंटेलच्या नंबरच्या शेवटी एफ असेल, म्हणजे आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ, तर त्या चिपमधलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड लावलं नाही तर मॉनिटरवर काहीच येणार नाही, काहीच म्हणजे काहीच. तीन वर्षांपूर्वी मावसभावासाठी मी स्वतः पार्ट जमवले, मोठ्या ऐटीत, आणि एफवाला स्वस्त पडत होता म्हणून तोच उचलला. रात्री अकरापर्यंत जोडत बसलो, पंखा फिरतोय, दिवे लागलेत, मॉनिटर म्हणतो नो सिग्नल. रॅम काढून पुसली, वायर बदलली, मॉनिटर शेजाऱ्यांचा आणून लावला, मावशी मधून मधून पोहे आणून देतेय आणि विचारतेय झालं का रे, आणि साडेबारा वाजता माझं लक्ष खोक्यावरच्या त्या एका अक्षरावर गेलं. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर सील फुटलेलं म्हणून घेतला नाही, आणि त्याचंही बरोबरच होतं, चूक माझी. शेवटी एक जुनं छोटं ग्राफिक कार्ड घ्यावं लागलं, वाचवलेले पैसे तिथे गेले आणि वर थोडे अजून. तर गेमिंगचं कार्ड नक्की घेणार असाल तरच एफ, नाहीतर हात लावू नका.

एएमडीमध्ये जुन्या एएम४ सॉकेटच्या (मदरबोर्डवर चिप बसते ती जागा) मालिकेत उलटं आहे, तिथे नंबरनंतरच्या अक्षरांत जी असेल तरच ग्राफिक्स मिळतं. ५६००जी मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही, ५५०० मध्येही नाही. नवीन एएम५ च्या ७६०० मध्ये जी नसूनही कामापुरतं ग्राफिक्स आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. बाकीची अक्षरं म्हणजे इंटेलचा के, एएमडीचा एक्स आणि एक्स३डी, ही हौशी आणि गेमवाल्या मंडळींची, आपल्याला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. के वाल्याबरोबर तर पंखाही येत नाही.

मग इंटेल की एएमडी? इंदूरमध्ये हा प्रश्न विचारला की लोक सराफ्यात कुणाचा भुट्ट्याचा कीस चांगला यावर भांडतात तसे भांडतात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नुसतं घरकाम आणि यूट्यूब असेल तर आय३-१२१००, किंवा १३१००, १४१०० जे त्या दिवशी स्वस्त मिळेल ते, तिघांत फरक फार थोडा आहे, तिघंही चार कोअर आठ थ्रेडच. यातलं ग्राफिक्स गेमला कमजोर आहे पण एव्ही१ प्रकारचे (नव्या पद्धतीने दाबून लहान केलेले) व्हिडिओ ते स्वतः उलगडतं, यूट्यूब आता बऱ्याच ठिकाणी तेच पाठवतं, त्यामुळे प्रोसेसरवर भार येत नाही. घरात पोरं असतील आणि जीटीए ५, व्हॅलोरंट असलं काहीतरी कमी सेटिंगवर खेळणार असतील पण कार्डाला पैसे नाहीत, तर ५६००जी, सहा कोअर बारा थ्रेड आणि ग्राफिक्स इंटेलच्या त्या आय३ पेक्षा बरंच दमदार. त्याला एव्ही१ येत नाही, पण सहा कोअर असल्यामुळे जोर लावून तो व्हिडिओ चालवतोच, अडत नाही. आणि ज्यांना पैशाची ओढ नाही त्यांनी एएम५ चा ८५००जी किंवा ८६००जी बघावा, एव्ही१ पण आहे, गेमपण बरे चालतात, फक्त तिथे डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅमच लागते आणि बोर्डही महाग.

रायझन ३ ३२००जी अजून दुकानात दिसतो, स्वस्त असतो म्हणून दाखवतात. २०१९ चा आहे, चार कोअर चारच थ्रेड. अगदीच बजेट नसेल तर ठीक, पण नव्याचे पैसे देऊन जुनं घेतल्यासारखं होतं. सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा अगदी स्वस्तातला वर्ग, तर फुकट दिला तरी विचार करा.

आणि ज्यांना कॅबिनेट वगैरे नकोच, म्हणजे देवघराच्या शेजारी कोपऱ्यात मावेल असं काहीतरी हवंय, त्यांच्यासाठी इंटेलच्या एन१०० चिपवाले छोटे डबे येतात, तळहातावर मावणारे. चार छोटे कोअर, जेमतेम सहा वॅटचं रेटिंग, विंडोज ११ चालतं, इन्व्हर्टरवर कितीतरी वेळ टिकतं. ब्राउजर, व्हिडिओ, टॅली याला चालतो, पण वीस टॅब उघडायची सवय असेल तर दम लागतो त्याला.

प्रोसेसर ठरला की बोर्ड आपोआप ठरतो, उलट करू नका. इंटेलच्या १२, १३, १४ या तिन्ही पिढ्या एकाच सॉकेटमध्ये बसतात, एलजीए १७००, घरासाठी एच६१० बोर्ड पुरे, फक्त त्यात एम.२ एसएसडीची (सरळ बोर्डावर बसणारी छोटी पट्टी) जागा आहे ना ते बघून घ्या कारण काही स्वस्तातल्या बोर्डांत काटकसर केलेली असते. १३ किंवा १४ वी पिढी घेताय आणि बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस (मशिन सुरू करणारी बोर्डातली प्रणाली) अपडेट करून मागा, दुकानातच, नाहीतर घरी आणल्यावर सुरूच होणार नाही. ५६००जी साठी ए५२० किंवा बी५५०, आणि कुणी बी४५० देत असेल तर तिथेही बायोसचा तोच प्रश्न. पुढे अपग्रेड करता येईल म्हणून महाग बोर्ड घ्या असं दुकानवाले सांगतात, पण खरं सांगा, आपल्या घरांमध्ये कुणी नुसता प्रोसेसर बदललाय कधी? मी तर सगळ्या नातेवाईकांत एकदाही पाहिला नाही, बदलतात तेव्हा सगळंच बदलतात.

रॅमचं मात्र नीट ऐका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, एआयच्या सर्व्हरांना मेमरी लागतेय आणि झळ आपल्याला, त्यामुळे आता घरातली जुनी रॅम आधी बघा. जुना कॉम्प्युटर डीडीआर४ वाला असेल तर तीच काढून वापरता येते, एच६१० चे बोर्ड डीडीआर४ वालेही येतात आणि डीडीआर५ वालेही, तुम्ही डीडीआर४ वाला मागायचा. डीडीआर३ असेल तर काही उपयोग नाही, राहू द्या. नवी घेणार असाल तर सोळाची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या, कारण चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅमवरच जगतो, दोन पट्ट्या लावल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. ५६००जी घेऊन एकच पट्टी लावणं म्हणजे पोहे घेऊन वर ना शेव ना जीरावन.

खरेदीला गेलात, सिल्व्हर मॉलला जा की अजून कुठे, तीन-चार दुकानांत तोच नंबर विचारा, पूर्ण नंबर अक्षरासकट, आणि कागदावर लिहून घ्या. "आय५ कितने का" असं विचारलं की समोरच्याला मोकळं रान मिळतं. दुसरं, बॉक्स पीस आणि ट्रे पीस यातला फरक विचारा. बॉक्स पीसवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आणि साध्या मॉडेलांमध्ये पंखाही खोक्यातच, ट्रे पीस नुसता चिप असतो, वॉरंटी दुकानदार देईल ती, स्वस्त दिसतो पण पंख्याचे पैसे धरले की फरक उरत नाही. बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून "बिना बिल के दे दूँ?" असं विचारतील, हो म्हणू नका, आणि सिरीयल नंबर बिलावर लिहून मागा. जोडून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तिथेच मशिन सुरू करायला लावा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवर टिचकी मारली की वर उजवीकडे पूर्ण नाव येतं, खाली कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर किती ते येतं, कागदावरच्या नंबरशी जुळवा. मामांना मी हेच पाठ करून पाठवलं होतं.

स्वतः जोडणार असाल तर दोन-तीन गोष्टी. चिपच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो, दोघं समोरासमोर आणायचे आणि चिप अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, बोट लावलं की वाकल्या. एएम४ मध्ये पिना चिपलाच असतात, आणि यात एक गंमत आहे, जुना पंखा काढताना पेस्ट (चिपची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) वाळून चिकटलेली असली तर पंख्याबरोबर चिपही उपटून येतो. माझ्या हातात आलाय असा, तीन पिना तिरक्या, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने एकेक सरळ करत बसलो श्वास रोखून. म्हणून काढायच्या आधी मशिन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मेन बटणही बंद, आणि पंखा हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा, सरळ वर ओढू नका. नव्या खोक्यातल्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते, वर अजून थापू नका. वेगळी लावायची वेळ आली तर वाटाण्याएवढी, बास. इंटेलच्या पंख्याच्या चार पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबायच्या, कट् असा आवाज आला पाहिजे, एक जरी अर्धवट राहिली तरी मे महिन्यात जेव्हा इंदूर बेचाळीसवर जातं तेव्हा मशिन आपोआप बंद पडायला लागतं आणि लोक म्हणतात विंडोज बिघडलं. कामाच्या वेळी सत्तर-पंच्याहत्तर डिग्री चालतं, सारखं नव्वदच्या वर जात असेल तर पंखा उघडून परत बसवा. आणि वर्षातून दोनदा धूळ काढा, ब्रशने, ओल्या फडक्याने नाही, हे लिहावं लागतंय कारण आमच्याच घरात हे झालंय.

मामांनी शेवटी आय३-१२१०० घेतला, एच६१० बोर्ड, आठ-आठच्या दोन पट्ट्या आणि पाचशे जीबीची एसएसडी. त्या आय७ वाल्यापेक्षा जास्त पैसे गेले, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. खोका मात्र फेकायचा नाही असं मी बजावलं होतं कारण वॉरंटीला त्यावरचा नंबर लागतो, तर मामींनी तो माळ्यावर ठेवलाय आणि त्यात दिवाळीच्या पणत्या भरल्यात.